चौघांत एक पाय

शर्यतीची घोडी पळते जेमतेम दीड मिनिट. त्या दीड मिनिटावर आम्ही तेलगावात दोन-दोन महिने बोलत असतो! माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक युरिया विचारायला येतं आणि घोडीच्या गप्पा ऐकून युरिया न घेताच घरी जातं. बायको म्हणते, "दुकानाची पाटी तरी बदला!" साठलंयच इतकं, की एकदा सांगून मोकळं झालेलं बरं.

हे खूळ आणलं आमच्या माजी सरपंचांनी. पुण्यात एका लग्नात त्यांना रेसची घोडी असलेलं एक कुटुंब भेटलं. घोडीतला पाव हिस्सा द्यायचा होता. सरपंचांनी अक्षता पडायच्या आत शब्द दिला आणि गावात येऊन तीन भागीदार गाठले. एक मी, दुसरे जनावरांचे डॉक्टर आणि तिसरे तात्या.

तात्या सदुसष्ट वर्षांचे. गुडघे गेले, पोरानं ट्रॅक्टर घेतला, म्हणून त्यांना बैलजोडी विकावी लागली होती. पण रिकामा गोठा ते अजून रोज सकाळी झाडायचे. कुणी विचारलं, कशाला झाडता, तर म्हणायचे, "सवय हाय."

"पाव हिस्सा म्हंजी किती?" तात्यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "घोडीचे पाय चार. एक आपला."

"कोणता?"

 मग तात्यांनीच ठरवून टाकलं, पुढचा उजवा!

* * *

घोडी पहिल्यांदा बघायला आम्ही चौघं पुण्याला गेलो. कागदावर तिचं नाव इंग्रजी आणि हातभर लांब. तात्यांनी तिथल्या तिथे 'सोनी' ठेवलं. मग बैलबाजारात बघतात तसे तिच्या अंगावरचे भोवरे तपासले, दात बघितले, शेपटी उचलून बघितली.

ट्रेनरसाहेब मोठे अदबशीर गृहस्थ. त्यांनी फाईल उघडली आणि घोडीचा बाप कोण, आजा कोण, कुणी कुठला कप जिंकला, सगळं सांगितलं.

तात्या म्हणाले, "खानदान चांगलंय सायब. पर हिला खोड काय हाय ते सांगा."

ट्रेनरसाहेब जरा घुटमळले. "हट्टी आहे. मनात नसलं तर पाऊल उचलत नाही."

"मग आपल्यातलीच हाय!" तात्या म्हणाले आणि खाली बसून तिचा 'आपला' पाय चोळायला लागले.

* * *

महिन्याभरात नेमका पुढचा उजवा पाय सुजला. पुण्याच्या मालकांनी सरपंचांना फोन करून थट्टा केली, "अहो, तुमचाच पाय बिघडलाय!"

आम्ही हसलो. तात्या हसले नाहीत. आंबेहळद उगाळून डबीत भरली आणि पहाटेच्या एसटीनं पुण्याला गेले. तिथे घोड्यांचे मोठे डॉक्टर होते, त्यांनी डबी उघडूसुद्धा दिली नाही. तरी तात्या दोन दिवस तबेल्याबाहेर स्टुलावर बसून राहिले.

परत आल्यावर मी म्हटलं, "तात्या, लेप लावू देत नव्हते तर थांबलात कशाला?"

"आपलं माणूस दवाखान्यात असलं म्हंजी बाहीर बसावं लागतं की," ते म्हणाले.

* * *

सोनीची पहिली रेस! तिघं इस्त्रीच्या कपड्यांत, तात्या धोतर-टोपीत. गेट उघडलं आणि तात्यांनी अशी आरोळी ठोकली, की शेजारच्या कोटवाल्याच्या हातातला चहा सांडला. सोनी अकरा घोड्यांत नववी आली.

गावात शिरलो तर पारावर माणसं वाटच बघत होती. सरपंच तीन निवडणुका हरलेले, त्यांना अशा प्रसंगाचा सराव आहे. गाडीतून उतरता उतरता म्हणाले, "थोडक्यात पडलो!"

"किती थोडक्यात?"

"आठ घोडे आडवे आले राव!"

* * *

दुसरी रेस आम्ही माझ्या दुकानात मोबाईलवर बघितली. खताच्या पोत्यांवर वीसेक माणसं. शेवटच्या वळणावर सोनी सगळ्यांच्या पुढे, आणि नेटवर्क गेलं! चित्र तिथेच गोठलं. सोनी पहिली, बाकीचे मागे.

थांबतंय कोण? सरपंचांनी पेढे मागवले, फटाक्यांची माळ लागली. डॉक्टरांनी तर मला मिठीच मारली. वीस मिनिटांनी नेटवर्क आलं तेव्हा कळलं, सोनी सहावी.

पेढे तोंडात तसेच राहिले. तात्या शांतपणे म्हणाले, "प्रकाश, त्या अडकलेल्या चित्राचा फोटो काढलास का?"

मी काढला होता. फ्रेम करून तो दुकानात लावलाय. लोक विचारतात, मी फक्त "आमची घोडी" एवढंच सांगतो.

* * *

पुढे सोनी अशीच पाचवी, सातवी येत राहिली आणि पुण्याच्या मालकांचा धीर सुटला. त्यांनी निरोप दिला, येत्या रेसला पहिल्या तिनात आली तर ठेवू, नाहीतर थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांना फिरवायला देऊन टाकू.

तात्यांचा चेहराच उतरला. "लेकरं बसवून फोटो काढायला? दिवसभर उन्हात?" म्हणाले, "त्यापेक्षा मी आणतो तिला हिकडं."

डॉक्टर म्हणाले, "तात्या, तुमचा पायच आहे, घोडी नाही. आणि आपला उन्हाळा तिला सोसायचा नाही."

तात्या उठून घरी गेले. आठवड्यानं मी त्यांच्याकडे गेलो तर रिकाम्या गोठ्यात आढ्याला नवाकोरा पंखा! तात्यांची बायको, आमच्या काकू, दारात उभ्या, पदर खोचलेला. "बघा भाऊ! चाळीस वर्सं सैपाकघरात घाम पुसतेय मी, मला न्हाई. आन् जी घोडी आपली न्हाई तिला पंखा!"

तात्या खाली मान घालून गोठा झाडत होते.

* * *

आणि ती रेस आली नेमकी पोळ्याच्या दिवशी.

"पोळ्याला जनावर जुंपत न्हाईत," तात्यांनी जाहीर केलं. "सालातून एक दिवस त्येंचा."

सरपंच चिडले. "अहो, ती बैल हाय का? त्या दिवशी न्हाई पळली तर गेली कायमची!"

"तेबी कळतंय मला," तात्या म्हणाले. 

आम्ही चौघं आदल्या दिवशीच पुण्याला गेलो. तात्यांनी ट्रेनरसाहेबांसमोर हात जोडले. खांदेमळणी करू द्या, म्हणाले. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपानं मळतात आणि कानात सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. ट्रेनरसाहेबांना दया आली असावी. तूप नको, खायला काही नको, हळदीचं एक बोट चालेल, म्हणाले. तात्यांनी दोन्ही खांद्यांना हळद लावली आणि सोनीच्या कानाशी तोंड नेऊन बराच वेळ उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी रेस. लोखंडी खणांत घोडे उभे केले. घंटा वाजली, दारं धाडकन उघडली, दहा घोडे सुटले.

अकरावी सोनी. दार सताड उघडं आणि ती आत उभी! जॉकीनं टाचा मारल्या, चुचकारलं, शिव्या दिल्या. तिनं शेपटी हलवली फक्त. दहा घोडे रेस संपवून परतले तरी बाई तिथेच.

मालक लालबुंद झाले. "अशी अडेल घोडी पर्यटकांनासुद्धा कुणी देणार नाही! तुम्हालाच हवी ना? न्या तुमच्या गावाला!"

सरपंचांनी जन्मात पहिल्यांदा तोंडातून एक शब्द न काढता वाटाघाटी जिंकल्या.

चार दिवसांनी ट्रक तेलगावात आला. गोठ्याला आंब्याच्या पानांचं तोरण. पोळा होऊन गेला होता, तरी काकूंनी परत पुरण घातलं होतं. "कणभरच द्या, पोट दुखेल!" डॉक्टर ओरडत होते. सोनी फळीवरून उतरली, पुढचा उजवा पाय आधी. तात्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

मी हळूच विचारलं, "तात्या, खरं सांगा. त्या दिवशी कानात काय बोललात?"

"आवतन दिलं. दुसरं काय बोलत्यात?"

काकूंनी सोनीच्या पायांवर पाणी घातलं, तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि तात्यांकडे वळून म्हणाल्या, "आवो, बघत काय ऱ्हायलात? पंखा लावा की. पाव्हणी लांबून आलीय."