कटफळच्या गाडीचा फोटो: जाऊन काढलेला, घरी बसून बिघडवलेला

माझे वडील, तात्या, बारामती-दौंड लाइनीवर कटफळच्या अलीकडे रेल्वे फाटक सांभाळायचे; तेव्हा आम्ही फाटकाशेजारच्या खोलीतच राहायचो. अर्धांगाचा झटका आल्यापासून ते शेळगावला घरीच, खाटेवर असतात. वर्षभरात त्यांनी स्वतःहून काही मागितलं नव्हतं. एका दुपारी म्हणाले, "सिद्धा, आपल्या फाटकावरनं सकाळची गाडी जाती, तिचा एक फोटू आण."

फाटक बंद होऊन तिथं भुयारी रस्ता झालाय, हे त्यांना माहीत आहे. तरीही "आपलं" म्हणाले. दहावीनंतर मी शाळा सोडली आणि लग्नाचे फोटो एडिट करायला लागलो. नीट येणारं तेवढं एकच काम. निघालो.

शेळगावहून लासुर्णे, भवानीनगर करत बारामती. रस्ता चांगला आहे, पण ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या असतात आणि मागे दिवा नसतो, तेव्हा वेळ जास्तीचा धरा. मी वाटेत दोनदा थांबून कॅमेऱ्याची बॅटरी तपासली. बारामतीत पोहे आणि चहा चाळीस रुपयांत झाला. पुढे एमआयडीसी ओलांडून रुळाशेजारच्या कच्च्या वाटेने गेलो आणि उसाच्या बांधावर उभा राहिलो.

रूळ डाव्या कोपऱ्यातून आत यावेत, गाडीचं तोंड चौकटीच्या उजव्या तिसऱ्या भागात यावं, असं ठरवून मी रिकाम्या रुळांचे अकरा फोटो काढले. हातोडा घेऊन रूळ तपासत जाणारा एक चावीवाला थांबला.

"रील बनवायला आलाय का?"

"नाही, फोटो. एकच."

"एका फोटूला दीड तास? लगीन हाय का गाडीचं?"

मी कुणाचा, ते सांगितलं. तो हसायचा थांबला. "तात्यांचा व्हय तू? मग बांधावरच राहा. रुळाकडं सरकलास तर त्यास्नीच फोन लावीन."

गाडीने लांबून शिट्टी दिली आणि मी घाईघाईने कॅमेरा उचलला. तीन फोटो निघाले. त्यातल्या एकाच फोटोत गाडी स्पष्ट होती, आणि तोच तिरका आला होता. उजव्या कडेला एक पिवळी पाटी घुसली होती.

घरी दोन संध्याकाळी त्यावर काम करत बसलो. क्षितिज सरळ केलं. सरळ करताना कडा कापल्या जातात, त्यात पाटी अर्धी गेली. उरलेली अर्धी पुसून टाकली. तात्यांच्या वेळी विजेच्या तारा नव्हत्या, म्हणून त्याही पुसल्या. आमच्या फोटोग्राफरांच्या ग्रुपवर "कॅलेंडरला शोभेल" असं आलं. इंदापूरला छापून, फ्रेम करून आणला.

तात्यांनी बराच वेळ पाहिला. "चांगला हाय. कुठली गाडी ही?"

"आपलीच, तात्या."

"आपली न्हाय. आपली असती, तर शिट्टी कुठं दिली असती हिनं?"

मी मोबाइलवर मूळ फोटो काढून दाखवला. त्यांनी तो डाव्या हातात धरून डोळ्यांजवळ नेला. पिवळ्या पाटीवर 'सी/फा' लिहिलेलं होतं. पुढे फाटक आहे, शिट्टी द्या, असं ड्रायव्हरला सांगणारी पाटी.

"ही बघ. हितं शिट्टी वाजली की मी झेंडा घेऊन भाईर. अन् तुझी आई चहाचं आधण उतरवायची. गाडी गेली की चहा तयार."

आईला जाऊन दोन वर्षं झाली. त्या दोन वर्षांत आम्ही दोघं एकमेकांशी तिच्याबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. तो चहा मी लहानपणी रोज प्यायलोय. तो शिट्टीवर उतरायचा, हे मला माहीत नव्हतं.

मूळ फोटो तारांसकट, तिरका तसाच छापून खाटेसमोर लावला. पण तिरका फोटो मला सहन होत नाही. मागच्या आठवड्यात पुन्हा गेलो. या वेळी चौकटीच्या चारी बाजूंना मोकळी जागा ठेवायची असं ठरवलं होतं. तुम्हीही ठेवा, नंतर सरळ करायला लागते. बांधावर पोहोचलो तर पाटी नव्हती. तिच्या जागी ताज्या मातीने बुजवलेला खड्डा होता. फाटकच नाही म्हटल्यावर तिचं काम संपलं होतं. गाडी वेळेवर आली आणि शिट्टी न देता समोरून निघून गेली. फोटो मात्र अगदी सरळ आला, सगळं जागच्या जागी.

घरी आलो तेव्हा तात्या जागेच होते.

"दिली का शिट्टी?"

"दिली," म्हणालो.

"लांब दिली का बारकी?"

"लांब."

ते भिंतीवरच्या तिरक्या फोटोकडे बघत राहिले. नवा फोटो मी अजून कुणालाच दाखवलेला नाही.