पार्बताबाईचं मागचं दार

वलगावच्या पार्बताबाई सुईणीच्या घराला दोन दारं होती, आणि बाई कोणत्या दारानं आली त्यावरून ती काम ओळखायची. बाळंतपणाचं बोलावणं पुढच्या दारी यायचं, हाका मारत. जिला दिवस गेलेत अन् नकोत, ती मागच्या दारानं यायची, दुपारी, माणसं वावरात गेल्यावर. गावाला हे ठाऊक नव्हतं असं समजू नका. डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजरी सगळ्या.

पार्बताबाई पोट पाडत नसे. त्या काळी तो गुन्हा होता, पण भीती त्याची नव्हती. कोणाच्या तरी जडीबुटीनं मेलेली एक तरणी पोर तिनं मांडीवर पाहिली होती. म्हणून ती आलेल्या बाईला चहा पाजायची, सगळं ऐकून घ्यायची अन् म्हणायची, "मुळ्याबिळ्यायच्या नादी लागू नको." आता एवढ्यानं कोणाचं भागतं?

जमुनाचं नाही भागलं. किसनरावची ही बायको, पाच लेकरांची माय. "मावशी, पाचव्याच्या वक्ती मरता मरता वाचली मी," ती म्हणाली होती. आठ दिवसांनी ती पुन्हा मागच्या दारी आली ती भिंत धरून, तापानं फणफणलेली. परगावच्या कोण्या बाईकडून पोट पाडून आली होती.

घरी ठेवली तर जमुना जाणार. अमरावतीच्या दवाखान्यात नेली तर पहिला संशय सुईणीवर. पार्बताबाईनं किसनरावला वावरातून बोलावलं.

"गावात बोभाटा होईन," तो पुटपुटला.

"बोभाटा परवडला. पाच लेकरायले तू पाजशीन काय? जुंप बैलं."

दवाखान्यात डॉक्टरीणबाई कडाडल्या, "हे कोणी केलं? नाव सांगा, नाहीतर पोलिसांना कळवते." जमुनाला शुद्ध नव्हती. किसनराव दाराकडं सरकला.

"माह्यं लिवा," पार्बताबाई म्हणाली. "पन आंधी इले हात लावा."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं, कागद बाजूला सारला अन् जमुनाला आत घेतलं. तेराव्या दिवशी जमुना आपल्या पायानं गाडीत चढली. पोलीस काही आले नाहीत. तरी वर्षभर खाकी कपडा दिसला की पार्बताबाई दोन्ही दारं लावून घ्यायची.

तीन वर्षांनी, कापूस फुटल्यावर, एका दुपारी जमुना मागच्या दारात उभी. पार्बताबाईच्या हातातलं सूप गळून पडलं.

"कितवा महिना?"

"कायचा महिना, मावशी? पुढं तुमी आत्ताच सारवलं. पाय कुठं ठेवू?" जमुनानं पदराखालून वाडगा काढला. कापसाच्या पहिल्या वेचणीआधी वावरात सीतादहीची पूजा केली होती, तिच्या नैवेद्याचा दहीभात. "अन् त्यायनंच नसबंदीचं आपरेशन करून घेतलं, अकोल्याच्या शिबिरात. कोनाले सांगू नका, लाजतेत ते."

पार्बताबाई मटकन उंबऱ्यावर बसली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, मग ते पाणी थांबेचना. तिच्या घरानं छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. प्रसाद ती घेत नसे. "देवाचं म्हनून नाई, तुयं म्हनून खाते," ती म्हणाली. दोघी एकाच वाडग्यात जेवल्या. तो दहीभात तिला फार गोड लागला.

जमुना गेल्यावर तिनं सूप उचललं, सांडलेली ज्वारी गोळा केली. मागचं दार मात्र उघडंच ठेवलं. वलगावात जमुना काही एकटी नव्हती.