खिडकीवरची भागीदारी

आमच्या वस्तीच्या समाजमंदिराला एकच खिडकी आहे आणि तिच्यावर महिनाभरापासून एक बॅनर लटकतो आहे. महापालिका, एक कंपनी, एक विद्यापीठ आणि आमची वस्ती हातात हात घालून कसे काम करतात, यावर म्हणे संशोधन चालू आहे, त्याचा हा बॅनर. वस्तीचा प्रतिनिधी म्हणून त्याच्या कोपऱ्यात माझा फोटो आहे. मी दुपारचा मोकळा असतो, एवढीच माझी पात्रता.

त्याच खोलीत माझी बायको बालवाडी चालवते. बॅनरमुळे अंधार होतो, मुलांना फळा दिसत नाही. तो काढायचा कोणी, हा विषय बैठकीत निघाला. महापालिकेने कंपनीकडे पाहिले, कंपनीने विद्यापीठाकडे, आणि विद्यापीठाने या प्रश्नावर वेगळा निबंध लिहायला घेतला. मी बिस्कीट खात मान डोलावली.

एकट्या माणसाला आपल्या आळसाची निदान लाज तरी वाटते. चौघांनी मिळून केलेल्या आळसाचा अहवाल छापतात आणि वर शाल देतात.

आज सकाळी बालवाडीत बायको म्हणाली, "अहो लोकसहभाग, उठा आणि तेवढी दोरी सोडा."

"पुढच्या बैठकीत मांडतो गं."

"मांडा हो, मांडा. तोवर पोरं चाचपडू देत!"

तीच स्टुलावर चढली आणि तिने दोरी सोडली. भस्सकन उजेड आत आला. बॅनर तिने फरशीवर अंथरला. बालवाडीतली चिमी नाक ओढत आली, माझ्या फोटोवर ऐसपैस बसली आणि फळ्याकडे बघून मोठ्याने वाचू लागली.