एका गारगोटीला ठिणगी पडत नाही

या सदरातले अनुभव मी आजवर हसण्यासाठी वाचत आले, हे आधीच सांगून टाकते. रिक्षात मागच्या सीटवर बसलेली बाई, चिंचेखाली उभा असलेला पांढरा माणूस, कुणाच्या तरी मामाला लागलेला चकवा… दुपारच्या डब्याबरोबर एखादा वाचायचा आणि मैत्रिणीला पाठवून द्यायचा. मी हिंगोलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्त, लघवी, थुंकी – माणसाच्या आतलं सगळं माझ्या टेबलावर येतं. त्यात भूत कधी सापडलं नव्हतं. शिवाय आमचं घर बौद्ध, बावीस प्रतिज्ञा पाठ असलेलं. दारात ज्योतिषी आला तर आमची माय त्याला तांब्याभर पाणी द्यायची आणि पुढचं घर दाखवायची. तेव्हा हे लिहिण्यात मला काडीचा आनंद नाही. राग आहे म्हणून लिहितेय. तुम्हाला हसायचं तर हसा.

माझा मोठा भाऊ मिलिंद आखाडा बाळापूरला राहतो. मी त्याला दादा म्हणते. रोडला लागून त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि मागच्या खोल्यांत घर. घरात तो, वहिनी आणि माय. शेतातली जळालेली मोटार घेऊन येणारा माणूस मोटारीपेक्षा जास्त तापलेला असतो. दादा आधी त्याला बसवायचा, चहा पाजायचा, मग मोटार उघडायचा. त्याचा आवाज चढलेला मी जन्मात ऐकला नव्हता. वहिनी म्हणायची, "ताई, यांच्यासंग भांडायचं म्हणलं तर दोघांचं बोलणं मलाच बोलावं लागतंय."

एक दुखणं मात्र होतं त्याला. जेवण झालं की उजव्या बरगडीखाली दुखायचं. मी सोनोग्राफी कर म्हणून मागं लागले की "करू की" म्हणायचा आणि पित्ताची गोळी तोंडात टाकायचा.

अशात त्यांच्या समाजमंदिरात एक व्याख्यान झालं – प्राचीन संस्कृती, रत्नं आणि शरीरातली ऊर्जा. वक्त्याचं नाव लिहीत नाही, त्याला तेवढीही जाहिरात मिळू नये. लोक त्याला ऊर्जा सर म्हणतात.

चूक इथंच झाली, आणि ती आमच्याच लोकांकडून होण्यासारखी होती. कुणी शनी-मंगळ करत आला असता तर त्याला पायरी चढू दिली नसती. हा माणूस ग्रहांना शिव्या घालत आला. म्हणाला, रत्नांचा आणि ग्रहांचा काही संबंध नाही, ते मागाहून आलेल्यांनी चिकटवलं. दगड आपल्या मूळ पूर्वजांचे. इजिप्तचे राजे, हडप्पाचे कारागीर, सगळे अंगावर दगड बांधायचे, कारण शरीरातली ऊर्जा त्यांना कळत होती. हा धर्म नाही, हे सायन्स आहे. पडद्यावर पिरॅमिड आला, मग मण्यांची माळ, मग माणसाच्या अंगातली रंगीत चक्रं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धर्माच्या दाराला आम्ही कडी लावून बसलो होतो आणि हा विज्ञानाच्या दारानं आत आला.

दादाला त्यातला करंट पटला. पुढच्या रविवारी मी बाळापूरला गेले तर मला समजावू लागला.

"शरीर म्हणजे वायंडिंगच की, सुजे. एका जागी शॉर्ट झालं की समदं जळतंय. तिथं हा दगड बसला की करंट बराबर फिरतो."

त्यानं शर्ट वर केला. करदोऱ्यात ओवलेला, बोराएवढा दुधी दगड, उजव्या बरगडीच्या खाली टेकलेला. चारी अंगांनी गोल, गुळगुळीत. मी हातात धरून पाहिला, म्हणून गोल होता हे छातीठोक सांगते. पुढं याचं काम आहे. दगडाचं नाव मिसरचा, म्हणजे इजिप्तचा, श्वेतमणी. मला हसू आवरेना.

"दादा, ही गारगोटी आहे. आपल्या रानात पायाला लागते ती."

आमच्याकडं काळ्या रानात नांगरट झाली की हे पांढरे दगड वर येतात. दोन गारगोट्या एकमेकींवर घासल्या की आतून उजेड पडतो आणि एक वास सुटतो – दिवाळीत फोडलेल्या टिकल्यांचा, त्यात थोडा जळक्या केसांचा. लहानपणी दादा आणि मी गोधडीत तोंड घालून हाच उद्योग करायचो. माय ओरडायची, "घरात गारगोट्या घासू नका रे, भांडणं लागतेत." आमच्या भागात सगळेच असं म्हणतात. त्या उजेडाला विज्ञानात कारण आहे. भांडणाला नाही, म्हणून आम्ही मायला हसायचो.

तर मी हसत होते आणि तेवढ्यात तोच वास आला. इतक्या वर्षांनी, भर दुपारी. दुकानात काही जळतंय का म्हणून मी वळून पाहिलं, आणि मागून दादा बोलला.

"लोकांचं मूत तपासतीस, अन् मला शिकवायलीस व्हय? नीघ हितून."

आवाज चढलेला नव्हता. त्यामुळे जास्तच लागलं. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या भावाच्या घरून न जेवता परतले.

मग वहिनीचे फोन सुरू झाले. दादा गिऱ्हाइकाच्या अंगावर धावून गेला. दादानं ताट भिरकावलं. एवढंच असतं तर मी दुखण्याचा वैताग म्हटलं असतं. पण माय, जिनं सुनेला कधी वावगा शब्द वापरला नाही, ती वहिनीला तिच्या माहेरावरून बोलली. आणि वहिनीनं मायचा जेवणाचा डबा बाहेर अंगणात नेऊन ठेवला, तुमचं तुमी खा म्हणून.

"मला काय झालतं कळंना, ताई," ती फोनवर रडत होती. "बोलायच्या आधी वास येतोय बघा. मला वाटलं बोर्ड जळून राहिला. यांनी समदी फिटिंग उघडून बघितली. कायीच न्हाई."

"कसला वास?"

"टिकल्या फोडल्यावानी."

वहिनी परभणी शहरात वाढलेली. गारगोट्या तिनं कधी घासलेल्या नाहीत. तिला मी काही सांगितलंही नव्हतं.

मी पुन्हा गेले. दुपारची वेळ, लाईट गेलेली. बाळापुरात लाईट गेली की आजूबाजूची गिरणी, वेल्डिंग, पंखे सगळं एकदम थांबतं, मग माशीचाही आवाज येतो. दादा माझ्याशी बोलत नव्हता. मोटारीत तांब्याची तार भरत बसला होता. मी समोरच्या स्टुलावर. आणि ऐकू आलं… खर्र. थोडं थांबून पुन्हा खर्र. बारीक, पण दगडावर दगड घासल्याचा, त्यात शंका नाही. आवाज त्याच्या शर्टाच्या आतून येत होता. त्याचे दोन्ही हात मोटारीत होते. मी त्या हातांकडेच बघत होते. तो श्वास घ्यायचा, की खर्र व्हायचं.

पाठोपाठ वास आला आणि माझ्या तोंडात एक घाणेरडं वाक्य तयार झालं. ते मी इथं लिहिणार नाही. पदराचा बोळा तोंडात कोंबून मी दुकानाबाहेर आले आणि सरळ औंढ्याची गाडी धरली.

औंढा नागनाथला देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर, प्रसादाच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर त्या सरचं केंद्र. एसी, पांढऱ्या गाद्या, कोपऱ्यात प्लॅस्टिकचा पिरॅमिड. मी मनात ठरवून गेले होते की शांतपणे बोलायचं. त्यानं ऐकून घेतलं आणि रिसेप्शनवरच्या पोरीसारखं हसला.

"विरोध बाहेर पडतोय, मॅडम. जुना राग निघतोय. चांगलं लक्षण आहे."

"माझी साठी ओलांडलेली आई अंगणात जेवतेय. हे चांगलं लक्षण?"

"दगडाला दोष देऊ नका. हे लॅपिस, हे कार्नेलियन, पाच हजार वर्षं माणसं वापरतायत. तेव्हा तुमच्या लॅब होत्या का?"

"ती गारगोटी आहे. मी त्या घासून मोठी झालेय. घासल्याचा आवाज मी ऐकला, वास सगळ्यांना येतोय. आणि एका गारगोटीला ठिणगी पडत नाही. दोन लागतात."

तो उठून उभा राहिला. मला घालवायचंच होतं त्याला.

"मग दुसरी शोधा," म्हणाला.

जिना उतरताना मी त्याला जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या दिल्या. तिथं वास नव्हता. त्या माझ्या स्वतःच्या होत्या.

नंतरचा फोन वहिनीचा नव्हता, मायचा होता. मायला फोन लावता येत नाही, शेजारच्या बाईनं लावून दिला. "सुजा, तू ये. त्याचे डोळे हळदीवानी झालेत. दवाखान्यात चल म्हणलं तर हातोडा फेकला त्यानं माझ्यावर."

डोळे पिवळे म्हटल्यावर मला दुसरं काही ऐकायची गरज नव्हती. कावीळ झालेली, उजवीकडं दुखतंय, म्हणजे पित्ताचा खडा नळीत अडकला असणार. असा माणूस घरी ठेवला तर जातो. मी पोचले तेव्हा माय दारात बसलेली, शेजारी फुटलेला माठ. हातोडा तिला न लागता माठाला लागला होता. दादा आत कॉटवर, अंगाला घाम, एका हातानं पोटावरचा दगड गच्च धरलेला. घरात वास एवढा भरलेला की डोळे चुरचुरत होते.

"हात लावाल तर मुडदा पाडीन," दादा म्हणाला. मी गोधडीत ज्याच्याबरोबर ठिणग्या पाहिल्या, तो माणूस.

वहिनीनं एक हात धरला, मायनं दुसरा. मी दुकानातली तार कापायची पकड घेऊन करदोऱ्यात घातली. तेवढ्यात त्याचा हात सुटला आणि माझ्या तोंडावर बसला. समोरच्या दाताचा तुकडा पडलाय, दात अजून तसाच आहे. मी पकड दाबली.

दोरा तुटला. दादाचं सगळं अंग सैल पडलं. तो माझ्याकडं बघत राहिला, मग शाळेतल्या पोरासारखा रडायला लागला.

"सुजे, पोटात लई दुखून राहिलंय गं."

बास, एवढंच. गाडी केली आणि नांदेड गाठलं. माय मात्र गाडीत बसली नाही. "हे माझं लेकरू न्हाई," म्हणाली, आणि नंतर पिशवी भरून माझ्याकडं हिंगोलीला निघून आली.

ऑपरेशन झालं. पित्ताशय काढलं. डॉक्टरांनी बाहेर येऊन डबीतला खडा माझ्या हातात दिला, तो एकच होता. मी आजवर असे खडे खूप पाहिलेत. पुष्कळ असले की एकमेकांवर घासून त्यांना चपटे पैलू पडतात. एकटा असेल तर तो सहसा गोल असतो. हा बोराएवढा होता, तीन बाजूंनी गोल आणि एका बाजूनं सपाट, बोट घसरेल असा.

"दुसरा असेल, गेला असेल नळीतून," डॉक्टर म्हणाले. "त्यानंच कावीळ झाली असणार."

पटण्यासारखं आहे. मीही तेच धरून बसले असते. पण तो तुटलेला करदोरा दगडासकट माझ्या पर्समध्ये होता. कॉरिडॉरमध्ये बसून मी गारगोटी बाहेर काढली. हातात धरून जी मी चारी अंगांनी गोल पाहिली होती, ती एका बाजूनं सपाट झाली होती. मी सपाट बाजूला सपाट बाजू लावली. नखसुद्धा शिरेना.

मधे कातडी आहे, चरबी आहे, स्नायू आहेत. दादाच्या पोटावर दगडाच्या जागी साधं खरचटलेलंही नव्हतं. मी स्वतः पाहिलं. त्याच्या रागाचं कारण मी देऊ शकते – दुखणं, ताप, अंगात चढलेलं पित्त. मायच्या आणि वहिनीच्या रागाचं देऊ शकत नाही. घासल्या गेलेल्या दगडाचं तर नाहीच. लॅबमधल्या मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या तुझी आठवण चुकत असेल. असेलही. मग वास सगळ्यांना कसा आला?

पित्ताशयातला खडा मी दवाखान्यातल्याच कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकला. गारगोटी हिंगोलीला परतताना कयाधू नदीच्या पुलावरून खाली फेकली. तो सर अजून व्याख्यानं देतो. मी एकदा उभं राहून बोलले तर आमच्याच लोकांनी मला खाली बसवलं.

टाके निघाल्यावर दादा मायला न्यायला माझ्याकडं आला. पार उतरलेला, शर्ट खांद्यावरून लोंबत होता. खुर्चीच्या काठावर बसला. माय तोंड फिरवून बसली होती. मी दोघांपुढं चहा ठेवला. दादानं "माय," एवढंच म्हटलं, आणि तो वास आला.

माझ्या घरात, हिंगोलीत. दोन्ही दगड गेलेले होते.

तिघांनाही आला. दादाचा हात पोटावर गेला, तिथं काही नव्हतं. मायचे ओठ हलले. तिच्या मनात काय होतं ते मला दिसत होतं – हातोडा, माठ, सगळं. माझ्याही जिभेवर तुटलेल्या दाताचा हिशोब आला होता. मायनं पदर तोंडावर दाबला. दादानं दात आवळले. मी ओट्याला धरून उभी राहिले. आम्ही तिघांनी तोंडं दाबून धरली, आणि वास हळूहळू खिडकीतून निघून गेला.

मग माय उठली, कोपऱ्यातली पिशवी तिनं उचलली आणि दादाला म्हणाली, "चहा गार झाला. घरी गेल्यावर पिऊ."