कळसचं फॅट कागदात बसेना

आमच्या दूध शीतकरण केंद्रातलं दूध रोज टँकरनं निघून जायचं. किस्से मात्र तिथंच साठायचे. बारामती-इंदापूर रस्त्यावरचं आमचं ऑफिस, नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी लॅबमध्ये म्हशीच्या दुधाचं फॅट तपासायचो, नामदेव क्लार्क, अन् वर साहेब. साहेबांना ग्राफचं भलतंच वेड!

*

पहिला ग्राफ भिंतीवर लागला तो फक्त साडेसहाच्या आसपासचा. कागद हातभर, अन् तळापासून टोकापर्यंत फरक दोन पॉइंटचा, म्हणजे शून्य पूर्णांक दोन टक्क्यांचा! एका सकाळी फॅट एक पॉइंट उतरलं, तर रेघ थेट विहिरीत पडल्यासारखी. साहेब ओरडले, "अरे, पाणी घातलं कुणीतरी!"

मी तीनदा तपासलं. नामदेव शांतपणे म्हणाला, "साहेब, दूध बरं हाय. ग्राफच घाबरट हाय!"

*

साहेबांनी धसकाच घेतला. नवा ग्राफ शून्य ते शंभर! सगळ्या गावांच्या रेघा तळाला चिकटल्या. पुढच्याच आठवड्यात एका गावच्या दुधात चांगलंच पाणी निघालं, तरी रेघ जागची हलली नाही. साहेब खुशीत, "बघा, काम कसं स्थिर चाललंय!" मी कपाळाला हात लावला.

*

शेवटी पाच ते सात ठरलं. झकास दिसायला लागलं. अन् महिनाअखेरीला कळस गावच्या संकलन केंद्राला नोटीस गेली, 'फॅटची सरासरी सहाच्या खाली. सोमवारपासून केंद्र बंद.'

कळसचं दूध गोळा करायचे आबा. सकाळीच टोपी हातात घेऊन आले. "साहेब, सगळ्या गावाचं दूध माज्याकडं येतं. पाण्याचा थेंब घालत न्हाय आमी. आता गावात तोंड कसं दावू?"

डोळे भरले होते त्यांचे. मलाच गलबलून आलं. त्यांचं फॅट मीच तपासत होतो, अन् ते चांगलं होतं!

मी रजिस्टर उघडलं. निम्मे दिवस फॅट साताच्या वर, अन् ग्राफवर ते ठिपकेच नाहीत!

"नामदेव, हे दिवस कुठं गेले?"

"कागदात बसंनात, मग सोडले. सरासरी भिंतीवरच्या ठिपक्यांचीच काढली की!"

रजिस्टरवरून पुन्हा सरासरी काढली. कळस सगळ्यात वर! जीव भांड्यात पडला बघा. साहेबांनी नोटीस फाडली, चहा मागवला, अन् ओशाळून म्हणाले, "चुकलं आबा. पुढच्या महिन्यापासून मोठा कागद लावतो."

आबांनी बशीतला चहा संपवला.

"कशाला कागदाला तरास, साहेब? म्हशीस्नीच सांगतो, साताच्या वर जाऊ नगा!"