दोन-दोन पावलांची टिटवी

रंभा मला पहिल्यांदा दिसली ती १९५५च्या वनमहोत्सवात, आमच्या रहाटणीच्या शाळेच्या दारात. वनखात्याचे एक गृहस्थ भाषणाला आले होते. "प्रत्येकाने एक तरी घरटं वाचवावं. कोण होतो स्वयंसेवक?" त्यांनी विचारलं. माझ्या वर्गातली मुलं नंतर वाटायच्या गुळाकडे डोळे लावून बसली होती. एकही हात वर झाला नाही. दारातून मात्र एक झाला. चहासाठी दूध घेऊन आलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, दुसऱ्या हातात चरवी.

"एकच का? जास्त चालतील?"

"एकापासून सुरुवात कर," गृहस्थ हसून म्हणाले.

तिने शाळा तिसरीतच सोडली होती. पण तो गृहपाठ मनावर घेणारी तेवढी एकच निघाली.

पुढच्या वैशाखात तिच्या चुलत्यांच्या, दौलतरावांच्या, ओढ्याकाठच्या सखल पट्टीत तिला टिटवीची चार अंडी दिसली. आठ दिवसांनी तिथे पेरणीआधीच्या मशागतीचा कुळव फिरणार होता. चुलत्यांना सांगावं, तर ते म्हणणार, टिटवी काय शेतसारा भरती का. मग रंभाने सकाळ-संध्याकाळ अंडी दोन-दोन पावलं सरकवली. टिटवी पुन्हा येऊन बसेपर्यंत ती बांधाआड थांबायची. आठव्या दिवशी घरटं टेकाडावर पोचलं होतं. कुळव खालून निर्धास्त फिरला.

घोटाळा पुढेच झाला. टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस दांडगा, सखलात घातली की बेताचा, हा आमच्याकडचा पक्का ठोकताळा. सोनबा गुराख्याने टेकाडावर अंडी पाहिली आणि गावभर केलं. दौलतरावांनी ठरवलं, यंदा ओढ्याकाठी बाजरी नको, भात लावू. दुसऱ्या दिवशी ते बियाणं आणायला मावळात निघणार होते.

रंभा माझ्याकडे आली. "मास्तर, पाऊस बेताचा झाला तर भात जळंल आन् घरात भाकरी ऱ्हायची न्हाई. सांगितलं तर तात्या अंड्यांवर राग काढतील."

"तुझ्यावर नाही?"

"माझ्यावर काढू द्या. मला टवका जात न्हाई."

मी तिच्याबरोबर गेलो. दौलतराव आणि सोनबा ओट्यावर चिलीम ओढत होते.

"तात्या, ती अंडी मी वर न्हेली. वढ्याच्या पट्टीतनं."

दौलतरावांनी चिलीम खाली ठेवली. "म्हंजी इचारलं आमी टिटवीला, आन् जबाब तू दिलास."

"व्हय."

"बियाणं आणलं न्हाई ते बरं," सोनबा म्हणाला. "न्हायतर रंभीच्या पावसावर भात पिकवाया लागला असता."

दौलतरावांना हसू आलं नाही. "जा, व्हती तिथं ठिव. देवाचं काम हाय ते."

रंभाचा चेहरा उतरला. "दोन-चार दिसांत पिल्लं निघतील, तात्या. आता उन्हातनं हलवली तर मरतील."

मला राहवलं नाही. "दौलतराव, टिटवीने सांगायचं ते सांगून झालंय. वाचलेलं पत्र परत पोस्टात टाकतं का कोणी?"

दौलतरावांनी चिलीम उचलून सोनबाकडे दिली. मग ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. बाजरीच पेरू."

तिसऱ्या दिवशी पिल्लं अंड्यांतून निघाली आणि तासाभरात पळायलाही लागली. पाऊस बेताचाच झाला. बाजरी घरात आली, त्याचं श्रेय दौलतरावांनी टिटवीला दिलं. पुढच्या वर्षीपासून त्यांनी नियम केला: आधी रंभीने सगळं शेत फिरायचं, मग कुळव. अंड्यांना हात लावायचा नाही, भोवतीची जमीन तशीच सोडायची, म्हणजे जबाब खरा मिळतो. बघता बघता शेजारचे शेतकरीही तिला बोलवायला लागले. लग्न होईपर्यंत चार उन्हाळे ती हेच करत होती. वनखात्याचे ते गृहस्थ पुन्हा कधी आले नाहीत. आले असते तर तिने त्यांना वाचवलेली घरटी बोटांवर मोजून दाखवली असती, पण बोटं कमी पडली असती.

रंभा आता पिंपळे गुरवला मुलाकडे चौथ्या मजल्यावर राहते. समोरच्या, टिटव्या उतरतात त्या मोकळ्या प्लॉटवर क्रिकेटची खेळपट्टी कुठे आखायची, हे दर मे महिन्यात पोरं तिला विचारून ठरवतात.