पत्रेमामांचं आधी वर बघणं

आमच्या सास्तूरचे पत्रेमामा कुणाच्याही घरात शिरले, की आधी वर बघायचे. माणसाकडं नंतर. छप्पर न्याहाळून झालं की मग मान खाली घालून म्हणायचे, "हां वहिनी, टाका च्या!"

त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांची लहानगी लेक माळवदाच्या दगडमातीखाली गेली. तेव्हापासून मामांनी दुसरं कामच धरलं नाही. सिमेंटचे पत्रे आणायचे, करवतीनं कापायचे, लोकांच्या डोक्यावर घालायचे. "पत्रा पडला तर टेंगूळ येतं वहिनी, दगड पडला तर माणूस जातं." माझ्याही घरावर त्यांचेच पत्रे. संध्याकाळी घरी येताना मिशा, भुवया, सदरा सगळं पांढरंफेक. मामी अंगणात तो सदरा झटकत ओरडायच्या, "गिरणीवाल्याशी लगीन केलं असतं, तर निदान पीठ तरी मिळालं असतं!" मामा खोकेपर्यंत हसायचे.

दोनेक वर्षांमागं त्यांना धाप लागायला लागली. सोलापूरला छातीतलं पाणी काढलं, आतला तुकडा तपासला. मामीला सोबत म्हणून मी गेले होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काम काय करत होता?"

मामा ताठ बसले. "निम्म्या गावावर छप्पर म्या घातलंय."

बाई म्हणाल्या, त्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ज्वारीच्या कुसळासारखं, पण डोळ्यांना न दिसणारं. कापताना ते छातीत गेलं, आणि इतक्या वर्षांनी फुफ्फुसाच्या आवरणाला कॅन्सर झाला. मग मामीकडं वळून त्यांनी विचारलं, "यांचे कपडे कोण झटकायचं?" मामींनी स्वतःकडं बोट दाखवलं. अहो, बिडी नाही, तंबाखू नाही, आणि पत्र्यानं? ज्याच्या भरवशावर आम्ही पुन्हा घरात निजायला लागलो, त्या पत्र्यानं?

मामा एवढंच म्हणाले, "तुमी चुकताय बाई."

दोन औषधं सलाईनमधून एकत्र द्यायची ठरली. ती म्हणे शरीरातलेच राखणदार जागे करतात. "काहींना लाभतं, काहींना नाही," बाईंनी स्पष्ट सांगितलं. "औषधांच्या चाचणीत धडधाकट माणसं निवडून घेतात, आमच्याकडं येईल तो येतो, म्हणून आधी सांगता येत नाही." शेजारच्या खाटेवर मामांपेक्षा तरणा गडी होता. औषधं तीच. तो बघता बघता गेला. आणि उचलून नेलेले मामा चालत गावात शिरले! मी तर तोंडात बोटच घातलं.

मग मामा पुन्हा घरोघर फिरून वर बघायला लागले. "फुटला तरी करवत लावू नका रे. धूळ उडू नये म्हणून पाणी मारा, सबंध उतरवा."

पोरं हसायची, "मामा, तुमीच घातले की!"

"व्हय, म्हणूनच सांगतोय."

पण जागे केलेले राखणदार घरच्यांवरच उठले. आतड्याला सूज आली, जुलाब थांबेनात, औषध बंद करावं लागलं. दुखणं परत उलटलं.

जायच्या आदल्या आठवड्यात मी भेटायला गेले, तर मामा पत्र्याकडं बघत पडले होते. म्हणाले, "तवा कळलं असतं तरी लोकांना दगडाखाली न्हाय निजवलं असतं वहिनी. पण पाणी मारून कापला असता. तोंडाला फडकं बांधलं असतं."

दारात बसलेल्या मामी खोकल्या. कोरडंच, एकदाच.

मामांची नजर छपरावरून खाली आली, ती मामींवर थांबली. मी बराच वेळ बसले होते. त्यांनी पुन्हा वर बघितलं नाही.